ऑक्सिजनचा कोटा आणि टँकरचा रस्ता : एप्रिल २०२१ मध्ये केंद्र आणि महाराष्ट्र

१६ एप्रिल २०२१ च्या रात्री मुंबईतल्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन सकाळपर्यंत पुरेल याची खात्री उरली नाही. महापालिकेने तिथले १६८ रुग्ण रातोरात जम्बो कोविड केंद्रांमध्ये हलवले. या हलवाहलवीत एकही जीव गेला नाही, असं तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी नंतर सांगितलं. ज्या रुग्णाला मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागतोय त्याला मध्यरात्री स्ट्रेचरवरून खाली आणायचं, रुग्णवाहिकेतल्या सिलिंडरवर ठेवायचं, शहराच्या दुसऱ्या भागात नेऊन पुन्हा पाइपलाइनला जोडायचं. आणि हे एकाच रात्रीत १६८ वेळा.

त्या आठवड्यात देशातला ऑक्सिजन मात्र संपलेला नव्हता. विशाखापट्टणम, भिलई, अंगुल इथल्या पोलाद कारखान्यांत, जामनगरच्या रिफायनरीत तो तयार होत होता आणि टाक्यांमध्ये साठलेलाही होता. ज्या गावांत माणसं गुदमरत होती, तिथे तो वेळेवर पोचत नव्हता. म्हणूनच केंद्र आणि राज्य यांच्यातला समन्वय जिथे खरोखर पणाला लागला असं एखादं प्रकरण निवडायचं, तर मी ऑक्सिजनचं निवडेन. लसींच्या वाटपात वाद झाले, टाळेबंदीच्या आदेशांत गोंधळ झाला. पण ऑक्सिजनच्या बाबतीत दोन सरकारांमधल्या फटीची किंमत तासांत मोजली गेली.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं हा विषय समवर्ती सूचीत आहे. मुंबईतल्या प्लेगच्या काळात, १८९७ साली झालेला साथरोग कायदा बरेचसे अधिकार राज्यांना देतो. मूळ कायद्यात केंद्राकडे मुख्यतः बंदरं आणि जहाजांची तपासणी. मार्च २०२० मध्ये केंद्राने या जुन्या कायद्यावर न थांबता २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू केला. त्याखाली केंद्राचे आदेश राज्यांवर बंधनकारक ठरतात.

दोन्ही कायदे मग एकाच वेळी चालत राहिले. जिल्हाधिकारी राज्याच्या साथरोग आदेशाखाली ऑक्सिजनचा साठा ताब्यात घेऊ शकत होते आणि त्याच साठ्याची वाहतूक अडवू नका, असं केंद्राचं गृहखातं आपत्ती कायद्याखाली सांगू शकत होतं. कागदावर दोघांचंही बरोबर होतं.

ऑक्सिजन हे औषध धरलं जातं, त्यामुळे राज्यात ते अन्न व औषध प्रशासनाकडे. टाक्या आणि टँकर यांची परवानगी मात्र नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेकडे, कारण दाबाखालच्या वायूंची सुरक्षितता ती पाहते. किंमत ठरवणार केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी द्रव ऑक्सिजनचा कारखान्यातला दर घनमीटरला १५ रुपये २२ पैसे आणि सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचा २५ रुपये ७१ पैसे असा बांधून दिला. सिलिंडरच्या वाहतुकीचा खर्च राज्य पातळीवर ठरवायचा होता. उत्पादन आणि भाव केंद्राकडे, रुग्ण आणि खाटा राज्याकडे, आणि मधला रस्ता कोणाकडे ते स्पष्ट नाही, अशी ही मांडणी पहिल्या लाटेतच तयार झाली होती.

सप्टेंबर २०२० : इशारा मिळाला होता

पहिल्या लाटेच्या शिखरावर महाराष्ट्राने ऑक्सिजन उत्पादकांना आदेश दिला : ८० टक्के माल रुग्णालयांना, २० टक्के उद्योगांना, आणि आधी राज्याची गरज. राज्याच्या दृष्टीने हे योग्यच होतं, कारण देशातले सर्वाधिक रुग्ण इथे होते. पण नागपुरातून मध्य प्रदेशात ऑक्सिजन जायचा, आणि तो अडकला. मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांना महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याशी बोलावं लागलं. ऑक्सिजनच्या आंतरराज्य वाहतुकीवर कोणतंही बंधन घालू नका, असं केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या राज्यांना लेखी कळवलं.

प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. या प्रकरणातली सर्वात मोठी संधी इथेच हातची गेली, असं माझं मत आहे. टंचाई आली की प्रत्येक राज्य आधी आपलं कुंपण बंद करणार, आणि त्यात वाईट हेतू असण्याची गरज नाही, हे त्या आठवड्यात दिसलं होतं. तेव्हाच बसून ‘टंचाईत कोणत्या प्लांटचा माल कोणाला, किती, आणि टँकर कोण देणार’ असा करार करता आला असता. केंद्राने मार्च २०२० पासूनच महामारीच्या एकेका विषयासाठी अधिकाऱ्यांचे अधिकारप्राप्त गट नेमले होते. वैद्यकीय सामग्री आणि ऑक्सिजन ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या गटाचं काम केंद्रीय सचिव गुरुप्रसाद महापात्रा पाहत होते. (जून २०२१ मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीने त्यांचं निधन झालं.) गट होता, माणसं होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही नोव्हेंबर २०२० मध्ये ऑक्सिजनच्या पुरेशा उत्पादनाकडे लक्ष द्या, असं म्हटलं होतं. पण रुग्ण उतरले आणि विषयही मागे पडला.

ऑक्टोबर २०२० मध्ये रुग्णालयाच्या आवारातच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लांटची केंद्रीय निविदा निघाली. एकूण १६२ प्लांट मंजूर झाले, खर्च २०१ कोटी ५८ लाख. १८ एप्रिल २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट डोक्यावर असताना, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की त्यांतले ३३ बसले आहेत. महाराष्ट्रात एक. याचं खापर केंद्राने राज्यांवर आणि राज्यांनी केंद्रावर फोडलं. यंत्र केंद्राचं, जागा, चौथरा आणि वीज राज्याची. दोन्हींपैकी एक तयार नसेल तर प्लांट खोक्यातच राहतो.

त्याच काळात नंदुरबारमध्ये वेगळं घडलं. तिथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी केंद्राच्या निविदेची वाट न पाहता सप्टेंबर २०२० मध्ये मिनिटाला ६०० लिटरचा पहिला प्लांट उभा केला. जिल्हा नियोजनाचा पैसा, आपत्ती निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, जिथून मिळेल तिथून आणला. एप्रिलपर्यंत आणखी प्लांट लागले. कोणाची नळी सुटली आहे, कोणाचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त ठेवला आहे, हे खाटाखाटांवर फिरून पाहणाऱ्या ‘ऑक्सिजन नर्स’ही नेमल्या. राज्यातल्या सर्वात गरीब जिल्ह्यांपैकी एक असलेला हा आदिवासी जिल्हा. त्याला ऑक्सिजन दुरून आणणं कधीच परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने आणण्याचा प्रश्नच कमी केला.

एका खाटेचा हिशेब

केंद्राने राज्यांचा कोटा ठरवायला एक सूत्र वापरलं : अतिदक्षता विभागातल्या खाटेला मिनिटाला २४ लिटर आणि बाकीच्या ऑक्सिजन खाटांपैकी निम्म्यांना मिनिटाला १० लिटर. दहा लिटरवरचा रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर वायू घेतो. रुग्णालयात जो उंच जम्बो सिलिंडर दिसतो त्यात साधारण सात हजार लिटर मावतात. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन जम्बो. पन्नास खाटांच्या छोट्या खासगी रुग्णालयाला दिवसाला शंभर सिलिंडर उतरवायचे, जोडायचे, रिकामे परत पाठवायचे. सिलिंडर भरून देणाऱ्या रिफिलरच्या दारात रांगा का लागल्या, ते एवढ्यावरून कळतं. वजनात धरलं तर हा रुग्ण दिवसाला १९ किलोच्या आसपास ऑक्सिजन घेतो. १५ टनांचा एक टँकर अशा पावणेआठशे रुग्णांचा एक दिवस भागवतो.

सूत्र वाईट नव्हतं, पण खाटा मोजणारं होतं. एप्रिलमध्ये अनेक रुग्ण खाटेबाहेर होते : कॉरिडॉरमध्ये, रिक्षात, घरी भाड्याच्या सिलिंडरवर. नाकावाटे जास्त प्रवाह देणारी यंत्रं मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढत होती. राज्य म्हणे गरज जास्त आहे, केंद्र म्हणे तुमचा वापर उधळा आहे. मागणी आटोक्यात ठेवणं ही राज्यांची जबाबदारी आहे, असं तेव्हा केंद्रीय मंत्री पीयूष गोयल बोलले आणि त्यावर मोठा वाद झाला. खरं तर दोन्ही बाजूंना थोडंथोडं सत्य होतं, आणि ते तपासायला दोघांना मान्य असलेली आकडेवारी नव्हती.

भिलईचे पन्नास टन

महाराष्ट्रात रोज सुमारे १,२०० ते १,२५० टन ऑक्सिजन तयार होत होता. डोलवी, तळोजा, चाकण, कोल्हापूर ही त्याची ठिकाणं. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले आणि गरज उत्पादनाच्या कितीतरी पुढे गेली. राहिलेला माल बाहेरून आणायचा होता, आणि कुठून आणायचा हे केंद्राचा वाटप तक्ता ठरवत होता.

त्या तक्त्याने विदर्भाची कोंडी केली. भिलईहून महाराष्ट्राला रोज ११० टन मिळत होते. नव्या वाटपात ते ६० वर आले. भिलई नागपूरपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास; संध्याकाळी निघालेला टँकर पहाटे नागपुरात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः लक्ष घालून ११० टनांचा पुरवठा पूर्ववत करायला सांगितलं, तेव्हा तो सुटला.

राज्याच्या एकूण कोट्यातला एक आकडा इकडून काढून तिकडे टाकला तर बेरीज तीच राहते. पण बेरजेत अंतर दिसत नाही. जवळच्या प्लांटवर टँकर रोज एक फेरी मारतो. हजार-बाराशे किलोमीटरवरच्या प्लांटवरून तीच फेरी पाच-सहा दिवसांची होते : जायचे दोन-अडीच दिवस, भरायची रांग, यायचे तितकेच. मग रोज पंधरा टन मिळवायला पाच-सहा टँकर अडकून पडतात. आणि टँकर हीच तर खरी टंचाई होती. मार्च २०२० मध्ये देशभरात द्रव ऑक्सिजनचे १,०४० टँकर होते, एकूण क्षमता १२,४८० टन. रुग्णालयांची रोजची मागणी महामारीआधी ७०० टनांच्या घरात होती. पहिल्या लाटेत ती ३,०९५ टनांवर गेली, दुसऱ्या लाटेत ९,००० वर. उणे १८३ अंश तापमानाला द्रव सांभाळणारा टँकर आठवड्याभरात बांधून होत नाही. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर साफ करून ऑक्सिजनसाठी वापरायला ‘पेसो’ने परवानगी दिली, काही परदेशातून आणले, मे महिन्यात संख्या १,६८१ वर पोचली. लाट तोवर पुढे निघून गेली होती.

कोटा टनांत वाटला गेला, तो किलोमीटरमध्ये वाटायला हवा होता. या प्रकरणातून धोरण करणाऱ्यांनी एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही सांगेन.

कळंबोलीची गाडी

रेल्वेने टँकर नेता येतील का, अशी विचारणा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी केली. आधी एकमेकांशी भांडलेलीच ही राज्यं. १८ एप्रिलला बोईसरला सपाट वॅगनवर टँकर चढवून मापं घेतली. कळंबोलीला चोवीस तासांत रॅम्प बांधला. १९ तारखेला सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. घाटातल्या बोगद्यांत आणि विजेच्या तारांखालून वॅगनवर चढवलेला टँकर जाईना, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा मोठा वळसा घेऊन गेली. अठराशे किलोमीटरहून जास्त अंतर, पन्नास तास. द्रव डचमळू नये म्हणून वेग अचानक वाढवायचा नाही, अचानक ब्रेक लावायचा नाही, आणि वाटेत दाब तपासत राहायचं. शंभर टनांहून अधिक माल भरून गाडी परतली. तीन टँकर नागपूरला उतरले, चार २४ तारखेला नाशिकला.

ज्यांनी हे चार-पाच दिवसांत उभं केलं, त्या रेल्वेच्या आणि राज्याच्या परिवहन विभागाच्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी आकडा पाहायला हवा. रेल्वेच्या हिशेबाप्रमाणे महाराष्ट्राला या सगळ्या गाड्यांनी मिळून ६१४ टन ऑक्सिजन पोचवला, म्हणजे शिखराच्या काळातल्या एका दिवसाच्या गरजेच्या निम्मासुद्धा नाही. दिल्ली आणि उत्तरेकडच्या राज्यांना गाड्यांचा खूप मोठा आधार झाला. देशभर मिळून ३५,००० टनांहून जास्त माल गेला. महाराष्ट्र मात्र जगला तो रस्त्यावर, डोलवी आणि चाकणच्या टँकरांवर, आणि सलग गाडी चालवणाऱ्या चालकांवर. हवाई दलानेही पुण्याहून रिकामे टँकर जामनगरला उडवत नेले. भरलेला टँकर विमानात चढवणं धोक्याचं, म्हणून जाताना विमान आणि येताना रस्ता. एका बाजूचा वेळ वाचला, हेही त्या दिवसांत पुष्कळ होतं.

२१ एप्रिलला, ही गाडी नाशिकला पोचण्याच्या तीन दिवस आधी, तिथल्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि दाब पडून २२ रुग्ण गेले. तिथे माल दारात येऊन उभा होता. कमी पडली ती शेवटच्या दहा मीटरची देखभाल. दिल्ली आणि मुंबईतल्या बैठकांत टनांचा हिशेब होत होता, टाकीच्या झडपेचा होत नव्हता.

गोव्यात मे महिन्यात याचंच दुसरं रूप दिसलं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये पहाटे दोन ते सहा या वेळात एकामागून एक रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी २६ जण. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून मॅनिफोल्डला, म्हणजे अनेक सिलिंडर एका पाइपलाइनला जोडणाऱ्या नळ्यांच्या संचाला, जोडताना पुरवठ्यात खंड पडतो, असं सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितलं. दुसरीकडे केंद्राच्या तक्त्यात गोव्याला कोल्हापूरहून रोज ११ टन लिहिले होते आणि तेवढे येत नव्हते. कोल्हापूरची स्वतःची रुग्णालयं त्या आठवड्यांत भरून वाहत होती. केंद्राने गोव्याला दिलेला आकडा कोल्हापूरच्या प्लांटच्या फाटकावर कोणी वठवायचा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. गोव्यात शेवटी २०,००० लिटरची टाकी बसली.

न्यायालयं मध्ये आली

सरकारांमध्ये वाटणी होईना तेव्हा लोक न्यायालयात गेले. नागपूर खंडपीठाने भिलईचे ११० टन दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याचा कोटा ९६५ वरून १,२०० टन करायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. दिल्लीसाठी ७०० टनांचा आदेश झाला. त्या क्षणी यांतला प्रत्येक आदेश माणसं वाचवणारा होता. पण बंगळुरूचं न्यायालय बंगळुरूचे रुग्ण पाहतं. वाढवलेले टन कोणाच्या ताटातून येणार, हे त्याच्यासमोर नसतं. जे काम आंतरराज्य मंचाने करायचं ते एकेका याचिकेतून होऊ लागलं.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बारा जणांचं राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्यात मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि डॉ. राहुल पंडित होते. त्याच प्रकरणाच्या सुनावणीत मुंबई महापालिकेच्या कामाचं कौतुक झालं. मुंबईकडे ९२,००० सक्रिय रुग्ण असताना तिने २७५ टनांत भागवलं होतं. यामागे काही जादू नव्हती. महापालिकेने २०२० मध्येच मोठ्या रुग्णालयांत द्रव ऑक्सिजनच्या टाक्या बसवून सिलिंडरवरचं अवलंबन कमी केलं होतं. चोवीस वॉर्डांत वॉर रूम होत्या. १६ एप्रिलच्या रात्रीनंतर कोणत्या रुग्णालयात किती तासांचा साठा आहे, हे पाहणारे समन्वय अधिकारी नेमले. साठा टनांत न मोजता तासांत मोजला की कोणाला आधी द्यायचं ते आपोआप ठरतं.

टँकर कुठे आहे हे दाखवणारी राष्ट्रीय संगणक प्रणाली आणि टँकरवर जीपीएसची सक्ती, दोन्ही गोष्टी दुसऱ्या लाटेच्या मध्यावर आल्या. तोवर एखादा टँकर कोणत्या नाक्यावर थांबलाय, वाटेतल्या कोणत्या जिल्ह्याने वळवून घेतलाय, हे अधिकारी चालकाला फोन करून शोधत होते. टँकर अडवू नका असा आदेश गृहखात्याला २२ एप्रिलला काढावा लागला, तो यामुळेच.

नोंदीत काय उरलं

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत लेखी उत्तर आलं : ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी कळवलेली नाही. उत्तर देणाऱ्या तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार या त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनीही राज्यात तुटवड्याने मृत्यू झाला नाही, असंच सांगितलं. केंद्र म्हणतं आम्ही राज्यांनी दिलेली माहिती मांडतो. राज्यं पाठवतात त्या मृत्यूच्या तक्त्यात सहव्याधी असते, वय असतं; त्या वेळी पाइपमधला दाब किती होता, याचा रकाना नसतो. ज्यांनी आपला माणूस गमावला त्यांना हे उत्तर काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्समधून बाराशेहून अधिक पीएसए प्लांट मंजूर होऊन बहुतेक सुरू झाले. मोठं काम आहे ते. पण प्लांट चालवायला प्रशिक्षित तंत्रज्ञ, जनरेटर आणि दरवर्षीचा देखभालीचा पैसा लागतो, आणि तो रुग्णालयाच्या, म्हणजे राज्याच्या खिशातून येतो. साथरोग कायद्यात २०२० साली झालेला मुख्य बदल आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना शिक्षा देण्याचा होता. टंचाईत राज्यांनी आपसांत वाटणी कशी करायची, टँकर कोणाच्या हुकुमाने फिरायचे, वाटपाविरुद्ध तक्रार न्यायालयाआधी कोणाकडे न्यायची, याबद्दल त्यात अजून एक कलमही नाही.